आधी पाणी, मग औषध

गोल्डफिशच्या शेपटीची कड एक दिवस पांढुरकी दिसू लागते. दोन-तीन दिवसांत तिथे चिरा पडतात, परांच्या काड्या उघड्या पडतात आणि मासा फिल्टरच्या आडोशाला पर मिटून उभा राहतो. घरातलं कुणीतरी दुकानात जातं. मासेवाला निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली देतो. थेंब मोजून टाकले जातात, पाणी रंगतं, आणि आता बरा होईल अशी सगळ्यांची समजूत होते. आठवड्याभरात मासा मरतो. मग दुसरा मासा आणून त्याच पाण्यात सोडतात आणि महिन्याभरात त्याचीही शेपूट झडायला लागते.

हे पुस्तक त्या दुसऱ्या माशासाठी लिहिलं आहे.

परांच्या आजारावर औषध कोणतं, असं मला लोक सतत विचारतात. मी उलट विचारतो, की पाण्यात अमोनिया किती आहे? उत्तर ठरलेलं असतं: पाणी अगदी स्वच्छ आहे, परवाच टाकी धुतली. अमोनियाला रंग नसतो. माशाला मारायला पुरेल इतक्या प्रमाणात त्याचा वासही आपल्याला येत नाही. नायट्राइटचंही तसंच. नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरगुती टाक्यांमधले बहुतेक मृत्यू या दोहोंची गल्लत केल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

आधी पर म्हणजे काय ते पाहू. आपण घरी पाळतो त्या माशांचे पर म्हणजे हाडाच्या बारीक, सांधेदार काड्यांवर ताणलेली पातळ त्वचा. तिच्यात रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत, आणि वरून श्लेष्माचा बुळबुळीत थर आहे. शरीराच्या इतर भागांवर खवल्यांचं संरक्षण असतं, परांच्या कडेला ते नसतं. म्हणून पाणी बिघडलं की पहिली झळ कल्ल्यांना आणि परांना लागते. कल्ले झाकणाखाली असतात, त्यांची दुखापत आपल्याला दिसत नाही, पराची दिसते. आपण जिला ‘फिन रॉट’ म्हणतो ती झड बहुधा एरोमोनास, स्युडोमोनास यांसारख्या जिवाणूंमुळे होते. हे जिवाणू बाहेरून येऊन हल्ला करतात असं नाही. ते पाण्यात, खडीत, माशाच्या त्वचेवर आणि आतड्यात कायमच असतात. निरोगी मासा त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं राहतो. माशावर ताण आला, श्लेष्माचा थर विरळ झाला, प्रतिकारशक्ती खचली, की त्यांना वाट मिळते. औषधाने ते जिवाणू मारले आणि पाणी तसंच ठेवलं, तर ती वाट उघडीच राहते.

ताण कुठून येतो? टाकीतल्या माशाच्या बाबतीत बहुतेक वेळा त्याच्याच श्वासातून. आपण शरीरातला नको असलेला नायट्रोजन युरियाच्या रूपात मूत्रावाटे टाकतो. मासा तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांवाटे, थेट पाण्यात सोडतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. काचेच्या पेटीत तो जाणार कुठे?

थोडं गणित मांडतो, कारण या विषयात गणिताशिवाय खरी काळजी घेता येत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी बसतं. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटर उरतं. त्यात तुम्ही १ ग्रॅम खाद्य टाकलंत. खाद्यात ४० टक्के प्रथिनं असतील, तर प्रथिनांच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन या हिशेबाने त्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन आला. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन पाण्यात उतरला, तरी लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम झाला. हा एका दिवसाचा, एका चिमटीचा हिशेब. आणि न खाल्लेलं खाद्य खडीत कुजत राहिलं, तर वाटा निम्म्याहून मोठा होतो.

आता यातली खरी खोच. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक विषारी अमोनिया आणि दुसरं अमोनियम, जे माशाला बरंच कमी बाधतं. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूणपैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे सुमारे दहापट. पाणी जितकं गरम, तितकं ते आणखी वाढतं. म्हणून पाणी तपासण्याच्या किटवर तोच आकडा दिसत असताना एका घरात मासे पोहत असतात आणि दुसऱ्या घरात तळाला पडलेले असतात. नुसता अमोनिया मोजून भागत नाही. पीएचही मोजावा लागतो.

हे सगळं असूनही टाक्यांमध्ये मासे वर्षानुवर्षं जगतात, ते जिवाणूंच्या दुसऱ्या एका जमातीमुळे. या शोधाची कथा मला फार प्रिय आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी काचेच्या पात्रात दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून, वनस्पती आणि प्राणी एकमेकांना कसे सावरतात ते पाहिलं आणि १८५० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. वनस्पती प्राणवायू देते आणि गोगलगायी कुजकी पानं खाऊन पाणी सांभाळतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. अमोनियाचं काय होतं, हे मात्र त्या पात्रात कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी सांडपाण्यावर प्रयोग करून दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होण्यामागे सजीवांचा हात आहे. त्यानंतर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे शेतीच्या मातीवर काम करणाऱ्या एका रसायनशास्त्रज्ञाने हे काम दोन टप्प्यांत होतं, आधी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्राइटचं नायट्रेट, हे ओळखलं. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. हा त्या गोल्डफिशवाल्या वॉरिंग्टनचा मुलगा! वडिलांच्या काचपात्रात जे काम गुपचूप चाललं होतं, त्याचा उलगडा मुलाने शेतातल्या मातीत केला. ते जिवाणू वेगळे काढण्यात मात्र त्याला यश आलं नाही. ते सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास केलं.

पुढे शंभर वर्षं पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी ठाण मांडून बसली. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांतले नमुने तपासल्यावर दिसलं, की तिथे नायट्राइटचं काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो. आणि २०१५ मध्ये नायट्रोस्पायराच्याच काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडतात हे उघड झालं. त्यांतल्या काही नेदरलंड्समधल्या संशोधकांना मासे पाळण्याच्या यंत्रणेच्या फिल्टरमधूनच मिळाल्या. तुमच्या टाकीतल्या स्पंजवर जो तपकिरी, चिकट थर दिसतो, त्यात हे सगळे राहतात. तो थर म्हणजे टाकीचं यकृत. त्याला घाण समजून नळाखाली पिळून काढणं, ही आपल्याकडची सगळ्यांत महागात पडणारी सवय आहे.

नव्या टाकीत हा थर नसतो. तो धरायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतो, आणि दोन्ही शून्यावर आले की टाकी माशांसाठी तयार झाली असं समजावं. आपल्याकडे मात्र टाकी, खडी, प्लास्टिकची झाडं, फिल्टर आणि सहा मासे एकाच संध्याकाळी एकाच पिशवीतून घरी येतात. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट असो, चेन्नईचं कोळत्तूर असो की कोलकात्याचा गॅलिफ स्ट्रीटचा रविवारचा बाजार, विकणाऱ्याला माल विकायचा असतो आणि घेणाऱ्याला घरी वाट पाहणारं मूल दिसत असतं. दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. टाकी आज घ्या, मासे महिन्याने घ्या, असं सांगणारा दुकानदार मला भेटला आहे. लोक त्याच्याकडून उठून शेजारच्या दुकानात जातात. बदल गिऱ्हाइकापासूनच व्हावा लागेल. ज्यांना वाट पाहायची नाही, त्यांनी ओळखीच्या निरोगी टाकीतला वापरता स्पंज मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. तो देणाऱ्याला काही तोटा नाही, आणि घेणाऱ्याचे कित्येक आठवडे वाचतात.

नव्या टाकीबद्दल निदान थोडं तरी बोललं जातं. जुन्या टाकीबद्दल कुणीच बोलत नाही, आणि या पुस्तकातला सगळ्यांत मोठा भाग मी तिला दिला आहे. तक्रार अशी असते: दोन वर्षं मासे छान होते, मग शेपट्या झडायला लागल्या, म्हणून अर्धं पाणी बदललं, तर दुसऱ्या दिवशी सगळे मेले. यातून ‘जुनं पाणीच चांगलं, बदलूच नये’ असा निष्कर्ष निघतो आणि तो घरोघर पसरतो. घडलेलं असतं ते वेगळंच.

मुंबईचं नळाचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या धरणांमधून येतं. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे पाणी हलकं असतं, त्यात क्षार कमी. पिण्यासाठी ते उत्तम. टाकीच्या दृष्टीने त्यात एक उणीव आहे, बायकार्बोनेट फार नसतं. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते बायकार्बोनेट खर्ची पडत जातं. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे या बायकार्बोनेटचं माप) संपते. मघाच्या चिमूटभर खाद्याचा हिशेब इथे पुढे न्या. ४५ लिटरच्या टाकीत १ ग्रॅम खाद्यामागे लिटरमागे ५ मिलिग्रॅम क्षारता जाते. तुमच्या पाण्याची क्षारता लिटरमागे ४० मिलिग्रॅम धरली, तर पाणी न बदलता ८ ग्रॅम खाद्य घातलं की ती संपली. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी वरून भरत राहिल्याने ही तूट भरून निघत नाही.

क्षारता संपली की पीएच घसरू लागतो. तो ६ च्या आसपास आला की जिवाणूंचं काम मंदावतं, त्याखाली ते जवळपास थांबतं. आता अमोनिया साठत जातो, पण पाणी आम्ल असल्याने तो कमी बाधणाऱ्या अमोनियमच्या रूपात राहतो. मासे मलूल होतात, परांच्या कडा झिजतात, तरी जगत राहतात. अशा टाकीत तुम्ही अर्धं पाणी काढून नळाचं ताजं पाणी भरता. साठलेला अमोनिया निम्मा होतो हे खरं. पण त्याच वेळी पीएच ६ वरून ७.५ ला उडी मारतो आणि विषारी रूपाचं प्रमाण सुमारे तीसपट होतं. अर्धं पाणी बदलूनही माशांना आदल्या दिवसाच्या पंधरापट विष मिळालं. पीएचच्या अचानक उडीचा धक्का वेगळाच. मासे पाणी बदलल्याने मेले हे खरं, आणि इतके दिवस न बदलल्याने मेले हे त्याहून खरं.

अशी टाकी सावरताना धीर लागतो. रोज दहा टक्के पाणी बदलायचं, खाद्य थांबवायचं किंवा अगदी नाममात्र ठेवायचं, आणि फिल्टरमध्ये स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याची लहानशी पुरचुंडी ठेवायची. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट पाणी आम्ल झालं की हळूहळू विरघळतं आणि क्षारता पुरवत राहतं. कोकणातल्या वाचकाला यासाठी दुकानात जायची गरज नाही.

घाटावरची गोष्ट उलटी आहे. काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचं पाणी जड, क्षारता भरपूर, पीएच बऱ्याचदा ८ च्या पुढे. तिथे पीएच कोसळण्याची भीती कमी, पण नव्या टाकीतला थोडासा अमोनियाही लगेच जाळतो. त्यात मराठवाडा-विदर्भातला उन्हाळा. पाणी २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि नागपुरात मे महिन्यात खोलीतलं पाणी त्याच्याही वर तापतं. माशाला प्राणवायू जास्त लागतो त्याच वेळी पाण्यात तो कमी असतो. म्हणून मुंबईच्या माणसाचा सल्ला सोलापूरच्या टाकीला लागू पडेलच असं नाही. या पुस्तकातली प्रकरणं माशांच्या जातींनुसार न लावता पाण्याच्या प्रकारांनुसार लावली आहेत, त्याचं कारण हेच.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनबद्दल इथे इतकंच सांगतो, की पावसाळ्यात त्याचा डोस वाढलेला असू शकतो, आणि तो परांनाही जाळतो, फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवा किंवा सोडियम थायोसल्फेट वापरा. क्लोरामाइन असेल तर नुसतं ठेवून ते जात नाही.

आता झड ओळखण्याविषयी. प्रत्येक फाटका पर म्हणजे आजार नव्हे. टायगर बार्ब शेजाऱ्यांचे पर कुरतडतात. तिथे तुकडा स्वच्छ कातरलेला दिसतो, कडेला पांढरेपणा नसतो. फायटर कधी स्वतःचीच शेपूट चावतो. प्लास्टिकच्या झाडावर अडकून फाटलेला पर सरळ रेषेत फाटतो. जिवाणूंची झड कडेने आत सरकते, कड पांढुरकी किंवा लालसर असते आणि ती रोज थोडी पुढे गेलेली दिसते. कडेला स्वच्छ, पारदर्शक पापुद्रा दिसू लागला तर घाबरू नका, ती नवी वाढ आहे. आणि एका प्रकाराला मात्र एक दिवसही देऊ नका. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा, तोंडाशी कापसासारखं पांढरं, आणि शेपूट तासातासाने झडणं. हा कॉलम्नॅरिस. लोक त्याला बुरशी समजतात, पण तोही जिवाणूच आहे, आणि गरम पाण्यात तो दोन दिवसांत अख्खी टाकी रिकामी करू शकतो. या आजारात तापमान वाढवू नये.

उपचाराचा क्रम मी मुद्दाम कडक ठेवला आहे. आधी चाचणी: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच. पहिले दोन शून्य हवेत, नायट्रेट लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या खाली, २० च्या खाली असेल तर उत्तम. मग पाणी बदलणं, खडीतला गाळ पाइपने ओढून काढणं, एक-दोन दिवस उपास. (पाइप तोंडाने ओढू नका. टाकीतल्या पाण्यातले जिवाणू पोटात जातात, आणि त्यांतला मायकोबॅक्टेरियम मरिनम तर हातावरच्या जखमेतूनही माणसाला त्रास देतो.) सुरुवातीची झड असेल तर बऱ्याच टाक्यांमध्ये इतक्यावरच थांबते. मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण बाटली न उघडता मासा बरा होऊ शकतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

त्यानंतर मीठ. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त आजूबाजूच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं, म्हणून पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढत असतात. पर झडले, त्वचा उघडी पडली, की आत शिरणारं पाणी वाढतं. लिटरमागे १ ते ३ ग्रॅम साधं मीठ घातलं तर हा भार हलका होतो. शिवाय मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांमधून आत शिरू देत नाही. नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी होतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि मासा भरपूर हवेच्या पाण्यातही वर येऊन धापा टाकतो. तिथे मीठ जीव वाचवतं. मीठ एकदम ओतू नये, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात थोडं थोडं घालावं. ते बाष्पीभवनाने उडत नाही, त्यामुळे जितकं पाणी बदललं तितक्यापुरतंच पुन्हा घालावं. कॉरिडोरास आणि तत्सम मार्जारमीनांना, तसंच पाणवनस्पतींना, जास्त मीठ सोसत नाही.

मिथिलीन ब्लू चांगलं औषध आहे, अंड्यांवरच्या बुरशीसाठी तर फारच. पण ते मुख्य टाकीत टाकू नका, ते फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतं. आजारी माशाला स्वच्छ प्लास्टिकच्या टबात, एअर स्टोन लावून, वेगळं ठेवा आणि तिथे द्या.

प्रतिजैविकांविषयी मला स्पष्ट बोललंच पाहिजे. औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणायची, फोडायची आणि टाकीत भुरभुरायची, ही पद्धत इतकी रुळली आहे की लोक ती एकमेकांना प्रेमाने शिकवतात. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतं. म्हणजे बोअरवेलच्या पाण्यात त्यातलं बरंचसं माशाच्या उपयोगी पडतच नाही. जे उरतं ते अर्धवट मात्रेत जिवाणूंना मिळतं आणि त्यांतले चिवट तेवढे शिल्लक राहतात. मग ते पाणी आपण मोरीत ओततो. माणसांच्या रुग्णालयांत प्रतिजैविकं निकामी होत असताना एका झडलेल्या शेपटीसाठी आपण त्यात भर घालणं मला मान्य नाही. झड शरीराच्या मुळापर्यंत पोचली असेल, कॉलम्नॅरिस असेल, तर प्रतिजैविक लागतं. ते जाणकाराला विचारून, ठरलेल्या मात्रेत, वेगळ्या टबात आणि पूर्ण मुदत द्यावं. महाराष्ट्रात अशी विचारणा करायला जागा आहेत. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नागपूरचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय. तिथल्या शिक्षकांना शेततळ्यातल्या रोहू-कटल्याइतकंच शोभिवंत माशांचंही कळतं.

घरगुती उपायांत देशी बदामाच्या वाळक्या पानाला मी जागा दिली आहे. आग्नेय आशियात फायटर पाळणारे ते पिढ्यानपिढ्या वापरतात, आणि आपल्याकडे हे झाड रस्तोरस्ती आहे. पानातलं टॅनिन पाणी किंचित आम्ल करतं आणि जिवाणूंना थोडा आळा घालतं. पान झाडावरून आपोआप गळलेलं, धुराळ्यापासून दूरचं घ्या, आणि आधीच हलकं असलेल्या पाण्यात पीएचवर लक्ष ठेवा. हळदीच्या पुडीला मात्र मी टाकीपासून लांब ठेवतो. ती विरघळत नाही, कल्ल्यांवर बसते.

पर पुन्हा येतात का, हा प्रश्न मुलं विचारतात, आणि त्याचं उत्तर आनंदाचं आहे. पराचं मूळ शाबूत असेल तर हाडाच्या काड्यांसकट पर नव्याने वाढतो. जखमेच्या टोकाशी पेशींचा एक लहान उंचवटा तयार होतो आणि त्यातून हाड, त्वचा, रक्तवाहिन्या, मज्जातंतू सगळं पुन्हा घडतं. प्रयोगशाळांमध्ये हे ज्याच्यावर सर्वाधिक अभ्यासलं गेलं तो झेब्राफिश आपल्याच भागातला, गंगेच्या खोऱ्यातला; फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. ऊबदार, स्वच्छ पाण्यात त्याची कापलेली शेपूट दोन आठवड्यांच्या आसपास परत येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत याच माशावर मणक्यांमधल्या चकत्या पुन्हा घडण्याविषयी संशोधन झालं आहे. म्हणजे भरून येण्याची ताकद माशात मुळातच आहे. तिला वाव देणारं पाणी आपण द्यायचं. गोल्डफिशला याहून जास्त आठवडे लागतील. वाढ पुढे सरकते आहे ना, एवढंच दर आठवड्याला फोटो काढून पाहा.

काही गोष्टींवर मी तडजोड केलेली नाही. गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवू नये. चांगली काळजी घेतली तर हा मासा दहा वर्षांहून अधिक जगतो आणि वीतभर वाढतो. भांड्यात तो काही महिन्यांत मरतो आणि आपण त्याला ‘नाजूक’ म्हणतो. फायटर वरची हवा श्वासात घेऊ शकतो म्हणून त्याला पेलाभर पाण्यात ठेवणंही चूक आहे, कारण अमोनिया त्यालाही तितकाच जाळतो. आजारी मासा नदीत किंवा तलावात सोडू नका. तो तिथल्या माशांना आजार देईल, आणि जगला तर त्यांची जागा खाईल. सकर मासा असाच टाक्यांमधून सुटून देशातल्या अनेक जलाशयांत जाळ्यांना लागू लागला आहे. गणपतीला आठवडाभर गावी जाताना शेजाऱ्याला खाद्याचा डबा देऊन जाऊ नका. मोठे, निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. दयेने घातलेल्या मूठभर खाद्यात ते राहू शकत नाहीत. वीज कित्येक तास गेली आणि फिल्टर बंद राहिला, तर तो चालू करण्याआधी त्यातलं साचलेलं पाणी ओतून द्या आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलवून घ्या.

टाकी महिन्याला पूर्ण रिकामी करून, खडी उन्हात वाळवून, लखलखीत करून देण्याची सेवा शहरांत मिळते. ती घेऊ नका. आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं, तेही तापमान जुळवून, हे काम घरातलं दहा-बारा वर्षांचं मूल अर्ध्या तासात करू शकतं. काच आतून थोडी हिरवी राहिली तरी चालेल.

पुढची प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. मासा आत्ता आजारी असेल तर सरळ उपचारांच्या प्रकरणाकडे जा, बाकीचं नंतर वाचा. पण पान उलटण्याआधी एक काम करा. टाकीतलं पाणी तपासून अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि तापमान हे पाच आकडे शेवटच्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहा. किट नसेल तर ते आधी आणा, मासा त्यानंतर. दर आठवड्याला त्याखाली नवी ओळ भरा, आणि कुणालाही सल्ला विचारायला जाल तेव्हा ते पान सोबत न्या.